स्पेनची बाटली आणि ठाण्याचा मे महिना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घोडबंदर रोडला पंधराव्या मजल्यावर फ्लॅट, हॉलची खिडकी पश्चिमेला, वाईनसाठी महिन्याला चार-पाच हजार. कामानिमित्त बार्सिलोनाला गेलात, तिथे नऊ युरोंची रियोहा क्रियान्सा, म्हणजे स्पेनच्या रियोहा भागातली पिंपात मुरवलेली रेड, आवडली, ठाण्यात तीच बाटली जवळपास तिपटीला दिसली आणि मन खट्टू झालं. आता विचारताय की परदेशी वाईनमध्ये पैसे वसूल होतील असं काय घ्यावं, घरी किती साठवावं, आणि लग्नाच्या वर्षाची, म्हणजे २०१० ची, एखादी बाटली २०३५ पर्यंत सांभाळता येईल का.

मी आठ वर्षं हॉटेलांच्या बारमध्ये आणि त्यानंतर सोळा वर्षं वाईन आयात करणाऱ्यांकडे काढली. राहतो नौपाड्यात. त्यामुळे लंडनच्या तळघरात बसून लिहिलेला सल्ला आपल्याकडे कुठे कोलमडतो, हे चांगलंच अनुभवलंय. त्या सल्ल्यात असतं, की तरुण वाईन स्वस्तात पेटीने घ्या, तळघरात दहा वर्षं विसरून जा. आपल्याकडे तळघर म्हणजे सोसायटीचं पार्किंग, आणि जुलैत तिथे गुडघाभर पाणी.

म्हणून आधी माझं मत सांगतो. ठाण्यात राहणाऱ्याने स्पेनची वाईन घ्यावी ती मुख्यतः एका कारणासाठी: साठवणीचं काम तिथली बोदेगा, म्हणजे वाईन बनवणारं घर, आधीच करून देते. फ्रान्सच्या बोर्दो भागातली चांगली वाईन घेणं म्हणजे कैऱ्या विकत घेऊन आढी आपण घालायची. रियोहाची रेसेर्वा म्हणजे आढीतून काढलेला आंबा, घरी आणा आणि कापा. आंब्याची आढी उबेत पिकते आणि वाईनची गारव्यात, एवढाच फरक, पण ठाण्यात तोच फरक महागात पडतो.

लेबलवरचे तीन शब्द पाठ करून टाका. रियोहाच्या रेड वाईनमध्ये क्रियान्सा म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा म्हणजे तीन वर्षं, त्यात किमान एक वर्ष पिंपात आणि सहा महिने बाटलीत. ग्रान रेसेर्वा म्हणजे पाच वर्षं, त्यात निदान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. हे जाहिरातीचे शब्द नाहीत, कायद्याने बांधलेले आहेत, आणि बाटलीच्या मागे नियामक मंडळाचं छोटं रंगीत लेबल असतं: क्रियान्साला लाल, रेसेर्वाला गडद मरून, ग्रान रेसेर्वाला निळं. गंमत अशी, की आपल्याकडे आयातदाराचं एमआरपीचं आणि इशाऱ्याचं स्टिकर पुष्कळदा नेमकं त्याच्यावर चिकटवलेलं असतं. नखाने कोपरा उचलून बघायची सवय मला तिथूनच लागली.

स्पेनच्या इतर भागांत नियम जरा सैल, क्रियान्साला पिंपात सहा महिनेही चालतात. ‘रोब्ले’ लिहिलं असेल तर ओकमध्ये थोडेच महिने. ‘व्हिन्यास व्हिएखास’, म्हणजे जुन्या वेली, हा शब्द ऐकायला भारदस्त, पण किती जुन्या याची कायद्यात व्याख्या नाही. आणि स्पेनच्या बाहेर गेलात की ‘रिझर्व्ह’ या शब्दावर विसंबू नका. कॅलिफोर्नियाच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या बाटलीवर तो बनवणाऱ्याच्या मर्जीने येतो, आणि चिलीच्या रेसेर्वाचे नियम स्पेनच्या मानाने फारच सैल आहेत.

आता तिपटीचं गणित. ते समजलं की कुठली बाटली घ्यायची ते निम्मं ठरतं. परदेशी वाईनवर केंद्राचं आयात शुल्क वर्षानुवर्षं एकूण १५० टक्के राहिलं. २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याची फोड ५० टक्के मूळ शुल्क आणि १०० टक्के कृषी अधिभार अशी झाली, बेरीज तीच. हे शुल्क नुसत्या वाईनच्या किमतीवर लागत नाही, जहाजभाडं आणि विमा धरून लागतं. समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. एक बाटली बोदेगातून अडीच युरोंना निघते, दुसरी सात युरोंना. दोघींचं भाडं-विमा एकेक युरो. पहिली पडली साडेतीनला, दुसरी आठला. दीडशे टक्के चढवले की पहिली पावणेनऊ युरो, दुसरी वीस. आता दोन्हींच्या मूळ किमतीत काच, बूच, लेबल, खोका यांचा साधारण एक युरो आहे असं धरा. म्हणजे पहिलीत खरी वाईन दीड युरोची, दुसरीत सहा युरोंची. किंमत सव्वादोन पट झाली, पण आतला माल चौपट. यावर राज्याचे कर, व्हॅट आणि दुकानदाराचा नफा चढतो, पण प्रमाण साधारण हेच राहतं.

म्हणूनच सर्वात स्वस्त परदेशी वाईन ही ठाण्यातली सर्वात महाग वाईन, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. हजार-बाराशेच्या परदेशी बाटलीत तुम्ही काच, जहाज आणि सरकार यांनाच पैसे देता. त्या किमतीत नाशिकची किंवा अकलूजची चांगली वाईन घ्या. तिच्यावर आयात शुल्क नाही, प्रवास एका रात्रीचा. रोजच्या जेवणाला माझ्या घरी तीच असते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. परदेशी बाटली घ्यायचीच तर साधारण अडीच ते साडेतीन हजारांच्या पट्ट्यात घ्या. त्याच्या बऱ्याच वर गेलात की पुन्हा गणित बिघडतं, कारण तिथे नावाचे आणि दुर्मिळतेचे पैसे सुरू होतात.

रेसेर्वा या हिशोबात विशेष बसते. २२५ लिटरच्या एका पिंपातून तीनशे बाटल्या निघतात. फ्रेंच ओकचं नवं पिंप कित्येकशे युरोंना पडतं, अमेरिकन ओक त्याहून बराच स्वस्त. रियोहाची जुनी घरं पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकन ओक वापरत आली, आणि तीच पिंपं वर्षानुवर्षं, म्हणून मुरवणीचा खर्च आटोक्यात राहिला. त्या वाईनमध्ये जो व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचा वास येतो तो या लाकडाचा. काही जणांना तो जुनाट वाटतो. मला स्वतःला तोच हवा असतो, आणि खोबरं घातलेल्या आपल्या जेवणाशी तो जमतो असं माझं निरीक्षण आहे.

पिंपात मुरवण्याचं हे घराणं रियोहात आलं कसं, ती गोष्ट ठाणेकराला आवडावी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या कीटकाने फ्रान्सच्या द्राक्षवेली खाऊन टाकल्या, तेव्हा बोर्दोचे व्यापारी माल शोधत रियोहात उतरले. आरो नावाच्या गावात रेल्वे नुकतीच आली होती, आपल्या ठाण्याला १८५३ मध्ये गाडी आली त्यानंतर दहाएक वर्षांनी. वाईन गाडीत चढवायला सोपं म्हणून बोदेगा स्टेशनला लागूनच उभ्या राहिल्या. लोपेस दे एरेदिया १८७७, कूने १८७९, ला रियोहा आल्ता १८९०. आजही तो स्टेशनचा मोहल्ला म्हणूनच ओळखला जातो. आपल्याकडे स्टेशनला लागून वडापाव आणि रिक्षास्टँड झाले. ज्याचं त्याचं नशीब.

रियोहाचं नाव मोठं, त्यामुळे तिथे थोडे जास्त मोजावे लागतात. नाव कमी आणि माल तितकाच सरस असे भाग शोधणं हा खरा किफायतीचा मार्ग. माझ्या मते पहिला मान आरागोनकडच्या कालातायुद आणि काम्पो दे बोर्हा या पट्ट्यांचा. तिथे गार्नाचा द्राक्षाच्या जुन्या, झुडपासारख्या बुटक्या वेली आहेत, पाऊस कमी, वेलीला घड थोडे, म्हणून रस दाट. दुसरा मान आग्नेयेकडच्या हुमियाचा, तिथलं द्राक्ष मोनास्त्रेल. ही वाईन काळीभोर, जांभळासारखी, थोडी रांगडी. तिसरा बिएर्सोचा. तिथलं मेन्सिया द्राक्ष हलकं, सुगंधी, थंड करून प्यायला बरं. रिबेरा देल दुएरो चांगलीच, द्राक्ष तेच तेम्प्रानियो, फक्त तिथे त्याला तिंतो फिनो म्हणतात. पण तिची किंमत आता रियोहाच्या पुढे गेली आहे. प्रिओरात या महागड्या भागाच्या नादाला या बजेटमध्ये लागू नका.

गार्नाचा आणि मोनास्त्रेलबद्दल एक सावधगिरी. या वाईनमध्ये अल्कोहोल सहज साडेचौदा-पंधरा टक्के असतं, आणि अल्कोहोल तिखटाला चेतवतं. तुरटपणाही तेच करतो. कोल्हापुरी रश्श्याबरोबर पंधरा टक्क्यांची रेड प्यायलात तर जिभेवर वणवा पेटेल आणि दोष वाईनला द्याल. तिखट असेल त्या दिवशी मेन्सिया किंवा साधी होवेन, म्हणजे पिंपात न मुरवलेली, पंधरा-सोळा अंशांपर्यंत गार करून घ्या. मला एकाने विचारलं होतं, मामलेदार मिसळीबरोबर कुठली वाईन. ताक.

तुमच्या घरी व्हाईट आवडते म्हणालात. गालिसियाच्या रियास बाइशासची अल्बारिन्यो घ्या. समुद्रकाठची वाईन, लिंबाची धार, किंचित खारट, आणि पापलेट-सुरमईसाठीच बनवल्यासारखी. रुएदाची व्हेर्देहो त्याहून स्वस्त, रोजच्या वापराची. दोन्ही घेताना बाटलीवरचं वर्ष बघा. दोन-तीन वर्षांपलीकडची असेल तर दुकानदार कितीही सवलत देवो, ठेवा परत. व्हाईटच्या जुनेपणाला किंमत असते ती फार थोड्या वाईनमध्ये, आणि त्या या रांगेत नाहीत.

शॅम्पेनऐवजी कावा. बनवण्याची पद्धत तीच, दुसरं आंबवणं बाटलीतच होतं. साधी कावा किमान नऊ महिने यीस्टच्या गाळासोबत ठेवतात, रेसेर्वा अठरा, ग्रान रेसेर्वा तीस. रेसेर्वा कावा ही माझ्या दृष्टीने आयात वाईनमधली सर्वात दुर्लक्षित चीज आहे.

आणि हेरेसची फिनो, म्हणजे कोरडी शेरी, किंवा तिची समुद्रकाठची बहीण मान्सानिया. तुमच्या ओळखीत कुणी कायस्थ असेल तर त्यांच्याकडच्या तळलेल्या बोंबलांबरोबर एकदा घेऊन बघा. पंधरा टक्क्यांची, पांढरीफटक, हाडासारखी कोरडी, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल, तिसऱ्या घोटाला दुसरी बाटली आणावीशी वाटेल. फक्त ती साठवायची नसते. ताजी आणायची, उघडली की फ्रिजमध्ये आणि आठवड्याभरात संपवायची.

स्पेनबाहेरचं पटकन सांगतो. पोर्तुगालच्या दोरो आणि आलेंतेजोच्या रेड वाईन किफायतीत स्पेनच्या तोडीच्या, दिसल्या की घ्याव्या. चिलीची कार्मेनेर आपल्या मसाल्याला चालते. हे द्राक्ष तिथे कितीतरी वर्षं मेर्लो म्हणून विकलं जात होतं, १९९४ मध्ये एका फ्रेंच तज्ज्ञाने ओळखलं. ऑस्ट्रेलियाबाबत मात्र हिशोब बदलला आहे. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारानुसार, बंदरात पाच अमेरिकी डॉलरहून महाग पडणाऱ्या बाटलीचं शुल्क दीडशेवरून शंभर टक्क्यांवर आलं, आणि पंधरा डॉलरहून महाग बाटलीचं पंचाहत्तरवर. पुढच्या दहा वर्षांत ते अनुक्रमे पन्नास आणि पंचवीसपर्यंत उतरत जाणार. म्हणजे जितकी चांगली बाटली तितकी जास्त सूट. हे लक्षात ठेवून क्लेअर व्हॅलीची रीस्लिंग शोधा. तिथल्या उत्पादकांनी २००० साली एकत्र येऊन बूच सोडलं आणि स्क्रूकॅप धरली. रीस्लिंग ही साठवता येणारी व्हाईट आहे, आणि स्क्रूकॅपला आपल्या फ्रिजच्या कोरड्या हवेचं भय नाही. युरोपच्या वाईनवरचं शुल्क उतरेल तेव्हा उतरेल. त्या आशेवर आजची बाटली कुणी अडवून धरत नाही.

स्वस्त बोर्दो टाळा. लेबलवर वाड्याचं चित्र आणि आत पाणचट तुरटपणा, हा अनुभव मी पुरेशा वेळा घेतला आहे.

आता दुकान. आपल्याकडच्या परदेशी वाईनचा मोठा वाटा समुद्रमार्गे न्हावा शेवाला उतरतो, म्हणजे तुमच्या घरापासून दीड-दोन तासांवर. पण स्पेनहून निघालेली बाटली जी खराब होते ती बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यात. साधा कंटेनर मे महिन्यात बंदराच्या उन्हात उभा, कागदपत्रं अडकलेली, मग गोदाम, मग बिनपंख्याचा टेम्पो. चांगले आयातदार थंड कंटेनर मागवतात, पण त्याचे पैसे लागतात आणि बाटलीवर ते कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून मी स्वतः खरेदी डिसेंबर ते फेब्रुवारीत करतो. स्टिकरवर आयातीचा महिना असतो, तो वाचतो. एप्रिल-मेमधला असेल तर महागाची बाटली घेत नाही.

दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा एसीकडे बघा आणि दुसरं विचारा की रात्री तो चालू राहतो का. बरेच जण शटरबरोबर एसी बंद करतात. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी केलेली बाटली कधीच घेऊ नका, पारदर्शक काचेतली रोझे तर मुळीच नाही, कारण उजेडानेही वाईन बिघडते. बाटली उजेडात धरून मानेतली पातळी बघा. त्याच भावंडांपेक्षा ती खाली असेल, बूच वर ढकललेलं असेल, किंवा वरच्या टोपणाखाली चिकट ओघळ असेल, तर आत वाईन शिजली आहे. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर मात्र घाबरू नका, ते द्राक्षाच्या आम्लाचे स्फटिक, निरुपद्रवी. ‘बाटलीत काच आहे’ म्हणून परत आलेल्या अशा कितीतरी पेट्या मी हाताळल्यात. आणि उघडल्यावर पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांसारखा कुबट वास आला तर तो बुचाचा दोष. बूच पुन्हा लावा, बिलासह परत न्या, निदान तोंड उघडून सांगा. घरपोच मागवत असाल तर संध्याकाळी मागवा.

घरच्या साठवणीबद्दल बोलायचं तर आधी माझीच फजिती सांगतो. २००९ मध्ये मी हॉटेलातून मिळालेल्या सवलतीत दोन पेट्या रेड घेतल्या, त्यात निम्मी रिबेरा. बेडरूमच्या माळ्यावर, गोधड्यांत गुंडाळून, आडव्या ठेवल्या. अंधार आहे, हालचाल नाही, मी खूश. ती भिंत पश्चिमेची होती, दुपारी हात लावला तर तव्यासारखी, हे लक्षात आलं ते दिवाळीत. पहिली बाटली उघडली तर शिजवलेल्या मनुकांचा वास, रंग विटकरी. दुसरी तशीच. चोवीसातल्या चार बऱ्या निघाल्या. उरलेल्या आमच्याकडे मटणात गेल्या, आणि सासूबाई अजून विचारतात, ते वाईनवालं मटण पुन्हा कधी.

वाईनला बारा ते चौदा अंश तापमान, बऱ्यापैकी दमटपणा, अंधार आणि स्थिरता लागते. यात मला स्थिरता सर्वात महत्त्वाची वाटते. दिवसा चोवीस आणि रात्री एसी बंद केल्यावर तीस, अशी रोजची चढउतार बुचाला पंपासारखी हलवते. तुमचा एसी हॉल म्हणूनच उपयोगाचा नाही. घरचा फ्रिज चार अंशांवर आणि कोरडा. महिना-दोन महिने ठीक, वर्षभर ठेवलंत तर बूच आकसतं.

तेव्हा वाईन कूलर घ्या, आणि घेताना एकच प्रश्न विचारा: कॉम्प्रेसरचा की थर्मोइलेक्ट्रिक. दुसरा स्वस्त, शांत आणि दिसायला सुबक असतो, पण तो खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जातो. खोली छत्तीसवर असताना तो वीस-बावीसवर घामाघूम होऊन बसतो. विकणारा हे सांगत नाही, कारण त्याच्या दुकानात एसी असतो. कॉम्प्रेसरवालाच घ्या, अठरा ते चोवीस बाटल्यांचा, आणि पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, मागे हवा खेळेल असा ठेवा. लाईट गेली तर दार उघडून बघू नका, तीन-चार तासांत काही बिघडत नाही. पावसाळ्यात लेबलांना बुरशी येते, बाटलीला स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म एकदा गुंडाळली की प्रश्न मिटतो. आणि किती बाटल्या घरात ठेवता येतात त्याला परवान्याची मर्यादा आहे. परवाना काढलेला नसेल तर कूलरच्या आधी तो काढा, आणि त्यावरची मर्यादा वाचूनच साठा ठरवा.

त्या कूलरमध्ये काय असावं? तुमच्या बजेटमध्ये मी असं करेन: दर महिन्याला एक परदेशी बाटली पिण्यासाठी, बाकी नाशिक. वाचलेले पैसे साठवून थंडीत एकदम सहा बाटल्या, आणि त्या एकाच वाईनच्या तीन-तीन. रियोहाची एखादी रेसेर्वा तीन, रीस्लिंग किंवा दोरो तीन. एक लगेच प्यायची आणि चार ओळी वहीत लिहून ठेवायच्या, दुसरी दोन वर्षांनी, तिसरी पहिल्या दोघींनी जे सांगितलं त्यावरून. सहा वेगवेगळ्या बाटल्या एकेक घेतल्या तर वाईन बदलत जाते कशी हे कधीच कळत नाही. क्रियान्सा साठवू नका, ती आत्ता पिण्यासाठीच आहे. बाटलीच्या मानेला खरेदीचा महिना लिहिलेली चिठ्ठी बांधा. पाच वर्षांपलीकडचा बेत घरच्या कूलरच्या भरवशावर फारसा करू नये असं माझं मत. यंत्रच तेवढं टिकेल याची खात्री नसते.

पिताना एवढंच, की ‘रेड वाईन रूम टेम्परेचरला’ हे वाक्य थंड दगडी घरांतलं आहे. आपल्या रूमला ते लागू नाही. पिण्याआधी रेड अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

जाता जाता एक अपवाद. उष्णतेला न घाबरणारी एक वाईन जगात आहे, पोर्तुगालच्या बेटावरची मदेइरा. पूर्वी ती जहाजांत भरून उष्ण समुद्रांतून जायची आणि परत यायची, आणि परत आलेली जास्त चांगली लागते हे लोकांच्या ध्यानात आलं. मग बेटावरच ती मुद्दाम तापवायला लागले, आजही पंचेचाळीस-पन्नास अंशांवर निदान तीन महिने ठेवतात. उघडलेली बाटलीही महिनोन्‌महिने टिकते. नाव ऐकून आपल्याला ‘मदिरा’ आठवते, पण पोर्तुगीजमध्ये मदेइरा म्हणजे लाकूड, त्या दोघींचं नातं नाही. इथे सहसा मिळत नाही. लिस्बनमार्गे कुणी येत असेल तर सांगा. प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या आणि वर एक अर्धी.

आणि तुमची २०१०. नशीबवान आहात. रियोहाच्या नियामक मंडळाने त्या वर्षाला सर्वोच्च, म्हणजे ‘उत्कृष्ट’ श्रेणी दिली होती. पारंपरिक घराची ग्रान रेसेर्वा पंचवीस वर्षं सहज काढते, फक्त ती पंचवीसही वर्षं तुमच्या घरात काढायची गरज नाही. लोपेस दे एरेदियाने आपली व्हिन्या तोंदोनिया रेसेर्वा २०१० बाजारात आणली ती दहा वर्षांहून अधिक काळ आपल्याच भुयारांत ठेवून, कायद्याने तीन वर्षं पुरेशी असताना. मी आढी-आंब्याचं म्हणालो ते हेच. मार्केस दे मुरिएताच्या कास्तियो इगाई २०१० च्या मागे मात्र लागू नका. तिला २०२० मध्ये एका अमेरिकन मासिकाने वर्षातली सर्वोत्तम वाईन ठरवलं, आणि तेव्हापासून तिच्या किमतीत तो मुकुटही मोजावा लागतो.

पुढच्या वेळी स्पेनला गेलात की विमानतळावर नको, शहरातल्या गारवा सांभाळणाऱ्या जुन्या दुकानात जा, बिल घ्या, दोन बाटल्या चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून आणा. जायचा योग २०२८-२९ मध्ये असेल तर थांबा, तेवढी वर्षं त्यांच्या तळघरात जाऊ द्या. आणि दोनच आणा, एक नको. पहिली विसाव्या वाढदिवसाला, २०३० मध्ये उघडा. ती थकलेली वाटली तर दुसरीची वाट बघू नका, त्याच वर्षी संपवा. जोमात असेल तर दुसरीला कूलरच्या सर्वात खालच्या फळीवर, दारापासून लांब ठेवा.

२०३५ मध्ये उघडताना घाई नको. दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल. नेहमीचा स्क्रू जुन्या बुचात भुसा करतो, त्यासाठी दोन पात्यांचा चिमट्यासारखा ओपनर येतो, तो आधीच आणून ठेवा. त्या दिवशी जेवायला तिखट रस्सा नको, नारळाच्या दुधातलं मटण किंवा खिम्याचे पॅटिस पुरे. तासभर आधी ओतून ठेवू नका, इतक्या जुन्या वाईनचा वास ग्लासात पहिल्या वीस मिनिटांतच काय तो असतो. एवढं करूनही बूच तुटून आत पडलं तर चहाची गाळणी चालते, फक्त रोजच्या चहाची नको, नवी आणा.